‘फ्लर्ट’ फुलावरून आलेला नाही, टिचकीवरून आलाय

ताई,
मी अठ्ठावीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. आमच्या टीममधला एक जण गेल्या गणपतीपासून माझ्याशी खूप बोलायला लागला. सकाळी एखादा शेर, रात्री ‘जेवलीस का?’. मी साडी नेसून गेले त्या दिवशी ‘आज कुणाचं कामात लक्ष लागायचं नाही’. मला ताप आला तेव्हा डब्यातून मऊभात घेऊन आला. मीही हसून उत्तरं द्यायचे, नंतर नंतर तर मेसेजची वाट बघायला लागले. मागच्या महिन्यात त्याच्या साखरपुड्याचे फोटो स्टेटसला दिसले. मुलगी नाशिकची आहे आणि स्थळ दिवाळीतच पक्कं झालं होतं म्हणे. मी जाब विचारला तर म्हणाला, ‘अगं, मी फक्त फ्लर्ट करत होतो. तो शब्द फ्रेंच आहे, फुलावरून आलाय. फूल दिलं म्हणजे मागणी घातली असं होतं का? तूच फार सिरीयसली घेतलंस.’ माझी जवळची मैत्रीण म्हणते, तुला कळायला हवं होतं. त्याचे मेसेज अजून येतात. ताई, या शब्दाचा खरा अर्थ काय? तो आला कुठून? त्याने जे केलं त्याला मराठीत काय म्हणायचं? आणि त्या नाशिकच्या मुलीला सांगू का?
– अनामिका, पुणे

प्रिय अनामिका,

फुलाचं प्रकरण आधी निकालात काढू, कारण त्याचा सगळा बचाव त्या फुलावर उभा आहे.

फ्रेंचमध्ये ‘कोंते फ्लरेत’ असा वाक्प्रचार खरंच आहे. शब्दशः अर्थ छोटी छोटी फुलं सांगणं, म्हणजे लाडीगोडीचं बोलणं. त्यावरून इंग्रजी ‘फ्लर्ट’ निघाला ही कथा बरीच फिरते. ती ऐकायला छान आहे आणि उलटी आहे. इंग्रजांकडे हा शब्द सोळाव्या शतकापासून होता आणि तेव्हा त्याचा प्रेमाशी काडीचाही संबंध नव्हता. फ्रेंचांनीच तो पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतून उचलला. तेव्हा तुझ्या सहकाऱ्याचं फूल त्याच्या शेरांसारखंच निघालं, कुठून तरी पुढे ढकललेलं.

मग मुळात अर्थ काय होता? नाक मुरडणं. टोमणा मारणं. बोटाने टिचकी मारणं, एखादी वस्तू झटक्याने उडवणं किंवा हलवणं. इंग्रजीत ‘फ्ल’ने सुरू होणारे असे बरेच शब्द आहेत, फ्लिक, फ्लिप, फ्लॅप. सगळ्यांत काहीतरी चटकन हलतं. आपल्याकडे झटका, झटकन, झटकणे हे जसे आवाजावरून आणि हालचालीवरून झाले, तसाच तो प्रकार. अभ्यासक ‘फ्लर्ट’ला याच घरातला मानतात.

पुढे तो माणसांना चिकटला, आणि आधी चिकटला तो बायकांना. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएटच्या दाईची रोमिओचा मित्र भर रस्त्यात टिंगल करतो. तो गेल्यावर ती उसळून म्हणते, मी काही त्याच्या ‘फ्लर्ट-गिल’पैकी नाही! गिल हे तेव्हा कुठल्याही सामान्य मुलीचं नाव. फ्लर्ट-गिल म्हणजे उठवळ पोरगी. टवाळी करणारा पुरुष, आणि शब्द मात्र बाईसाठी. हे लक्षात ठेव, तुझ्या मैत्रिणीच्या वाक्याकडे येताना लागेल.

सतराव्या शतकात हा शब्द पंख्याच्या संगतीला लागला. पंखा ‘फ्लर्ट’ करणं म्हणजे घडीचा हातपंखा मनगटाच्या एका झटक्यात फटकन उघडणं, मिटणं. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात २७ जून १७११च्या अंकात जोसेफ ॲडिसनने यावर धमाल लिहिलंय. पंखा चालवायला शिकवणारी एक शाळा त्याने कल्पिली आहे. तिथे तरुण मुली पलटणीसारख्या रांगेत उभ्या राहतात आणि हुकूम सुटतात: पंखे हाती घ्या, पंखे उघडा, पंखे झाडा, पंखे खाली ठेवा, पंखे परत उचला, पंखे फडफडवा. शेवटची फडफड सगळ्यात अवघड. रागाची वेगळी, लाजेची वेगळी, भीतीची वेगळी, प्रेमाची वेगळी. आणि अगदी शेवटी ताजा कलम असा, की तरुण पुरुषांनाही बायकांच्या पंख्याशी गुलुगुलु कसं करावं ते शिकवलं जाईल. ॲडिसन बायकांची चेष्टा करतोय हे उघड आहे, पण त्यातही एक गोष्ट त्याला दिसली होती. हा खेळ एकट्याचा नाही. पंखा तिच्या हातात आहे आणि तो का फडफडतोय हे समोरच्याला पक्कं ठाऊक आहे.

आता मुख्य साक्षीदार. लॉर्ड चेस्टरफील्ड नावाचा एक बडा इंग्रज उमराव होता. गोड बोलावं कसं, वागावं कसं, यावर त्याने मुलाला ढीगभर पत्रं लिहिली. डिसेंबर १७५४मध्ये त्याने ‘द वर्ल्ड’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. निमित्त होतं सॅम्युअल जॉन्सन यांचा लवकरच येऊ घातलेला इंग्रजी कोश. त्यात चेस्टरफील्ड सांगतो की ‘फ्लर्टेशन’ या शब्दाच्या जन्माला मी स्वतः हजर होतो, जगातल्या सर्वांत सुंदर मुखातून तो पडला. (शब्द छापील मजकुरात त्याआधीही सापडतो. उमराव माणूस, सुंदर मुख म्हटल्यावर चालायचंच.) पण पुढचं त्याचं वाक्य तुझ्या कामाचं आहे. लोक फ्लर्टेशन आणि नखरेबाजी एकच समजतात, तसं नाही, असं तो जॉन्सनना बजावतो. फ्लर्टेशन नखरेबाजीच्या अलीकडचं. जवळ येण्याच्या त्या नुसत्या पहिल्या खुणा. त्यांतून पुढे नखरेबाजी प्राथमिक कलमं ठरवते, आणि ती कलमं बहुधा पक्क्या तहात संपतात.

तहाची भाषा आहे बघ ही. चेस्टरफील्ड राजदूतही होता, त्यामुळे ती सहज आली असावी. म्हणजे या शब्दाचा स्वयंघोषित सुईणबाप काय सांगतो? फ्लर्ट करणं म्हणजे ‘मी तुझ्याकडे एक पाऊल टाकतोय, तू टाकतेस का’ हे न बोलता विचारणं. त्यात वचन नाही, हे मान्य. पण ‘काहीच नाही’ असंही नाही. ती खूण असते आणि खुणेला अर्थ असतो. ज्याचा दुसरीकडे तह आधीच सही-शिक्क्यानिशी झालाय, त्याने तुझ्या दारात दूत पाठवत राहणं या व्याख्येत बसत नाही. आणि हे सांगणारा माणूस काही फार सोवळा नव्हता.

जॉन्सननी त्याचं ऐकलं का? छे. एप्रिल १७५५मध्ये कोश आला, त्यात ‘फ्लर्टेशन’चा अर्थ दिला: चपळ, उत्साही हालचाल. पुढे शेरा: बायकांच्या आपसातल्या बोलीतला शब्द. उमरावाने भर साप्ताहिकात दिलेली शिकवणी त्यांनी बाजूला सारली. त्यामागे राग होता. कोशाचा आराखडा जॉन्सननी १७४७मध्ये चेस्टरफील्डला उद्देशूनच छापला होता. त्यानंतर सात वर्षं त्या उमरावाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काम संपत आल्यावर मात्र दोन गोड लेख लिहिले, जणू आपलाच आश्रित. ७ फेब्रुवारी १७५५ला जॉन्सननी त्याला पत्र लिहिलं, ते इंग्रजी गद्यातलं एक नामांकित पत्र आहे. त्यात ते विचारतात, पाण्यात जिवाच्या आकांताने हातपाय मारणाऱ्याकडे जो निवांत बघत बसतो आणि तो काठाला लागल्यावर मदत घेऊन त्याच्या अंगावर येतो, त्यालाच आश्रयदाता म्हणायचं ना? तुम्ही आता जी दखल घेतलीत ती लवकर घेतली असतीत तर उपकार झाले असते, पण आता मला तिचं काही वाटत नाही. शिवी एक नाही, आवाज कुठे चढलेला नाही. तोंडदेखल्या गोडव्याला उत्तर द्यायचं तर ते असं. तुला त्याला काही लिहायचंच असेल तर आधी जॉन्सनचं पत्र वाचून घे, इंटरनेटवर सहज मिळतं.

थोडं आपल्याकडे येऊ. ‘फ्लर्ट’ला मराठीत शब्द नाही म्हणून आपण तो घेतला असं लोक म्हणतात, पण हा खेळ आपल्या मातीत बराच जुना आहे. सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या आजीच्या भाषेतली. तिच्यात एक गाथा आहे. पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. नजर वर, पाणी घालणारीकडे. ती दिसत राहावी म्हणून त्याने बोटं फाकवलीत, पाणी गळून जातंय आणि पिणं काही संपत नाही. आणि ती? आधीच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करत नेते.

दोन ओळींची गाथा. दोघंही लबाडी करतायत आणि दोघांनाही एकमेकांची लबाडी कळलेली आहे. फसलं कुणीच नाही. तहान भागली की तो आपल्या वाटेने जाईल, ती पुढच्याला पाणी घालेल. याला फ्लर्ट करणं म्हणतात आणि यात मला काही वावगं दिसत नाही. उलट, असं कधीच कुणाशी केलं नाही असं सांगणाऱ्या माणसाची मला जरा भीतीच वाटते.

तुझ्या बाबतीत बोटं त्याने फाकवली, पण तो तहानलेला नव्हता, आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं. दिवाळीपर्यंतचं मी सोडून देते. तोवर त्याचंही काही ठरलं नसेल. गणपती ते दिवाळी जे झालं त्याला खुशाल फ्लर्ट म्हणू दे. पण स्थळ पक्कं झाल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून ‘जेवलीस का?’ या प्रश्नाचा अर्थ बदलला, आणि बदल झाल्याचं तुला सांगितलं गेलं नाही. त्यासाठी मराठीत लखलखीत शब्द आहे: झुलवणं. तो तुला झुलवत होता. ‘नादी लावणं’ही चालेल, पण त्यात लावणाऱ्याला पुढे काहीतरी साधायचं असतं. झुलवणाऱ्याला काही नको असतं. कुणीतरी आपली वाट बघतंय एवढं त्याला पुरतं.

आजूबाजूचे शब्दही बघून ठेव, ऑफिसात उपयोगी पडतात. सलगी हा चांगला शब्द आहे. शिवराय गेल्यावर समर्थांनी संभाजीराजांना जे पत्र लिहिलं त्यात ‘शिवरायांची सलगी देणें, कैसें असे’ म्हटलंय, म्हणजे मोठ्या माणसाने आपुलकीने जवळ करणं. लगट म्हणजे न मागितलेली जवळीक. लघळपणा म्हणजे ओळखीपेक्षा जास्त गोड होऊन पुढे पुढे करणं, तो स्त्री-पुरुष दोघांतही आढळतो आणि साहेबाच्या केबिनबाहेर जास्त आढळतो. खडा टाकून पाहणं म्हणजे चेस्टरफील्डच्या पहिल्या खुणा. आणि तुझ्या सहकाऱ्यासाठी नाम हवं असेल तर संस्कृत नाट्यशास्त्रवाल्यांनी ते हजार वर्षांपूर्वी तयार ठेवलंय. धनंजयाच्या ‘दशरूपका’त शृंगारातले नायक चार प्रकारचे: अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. अनुकूल एकीशी एकनिष्ठ. दक्षिणाच्या अनेक जणी, पण पहिलीशीही तो मनापासून चांगला वागतो. धृष्ट कोडगा, अंगावर खुणा घेऊन समोर उभा राहतो. आणि शठ? ‘गूढविप्रियकृत्’, आतून न कळत दुखावणारा. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त जास्त खुलासा केलाय: मन एकीकडे बांधलेलं, वरवर अनुराग दाखवायचा, आणि लपवून अप्रिय करायचं. ‘शठं प्रति शाठ्यम्’ आपण येता-जाता म्हणतो, त्यातला शठ हाच.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. त्याच्या तोंडावर फेकू नकोस. शठ म्हटलेलं त्याला कळणार नाही आणि कळलं तर तो त्याचाही अर्थ फुलावरून लावेल.

आता मैत्रिणीचं वाक्य, ‘तुला कळायला हवं होतं’. मला या वाक्याचा तुझ्या सहकाऱ्यापेक्षा जास्त राग आला. कशावरून कळायला हवं होतं? तापात मऊभात आणणाऱ्या माणसाचं मन दुसरीकडे बांधलेलं आहे हे भातावर लिहिलेलं असतं का? असा दोष बायकांकडे सरकवायची सवय सगळ्या भाषांना आहे. फ्लर्ट-गिलचं वर सांगितलंच. ‘कॉकेट’ हा फ्रेंच शब्द कोंबड्यावरून आला, तुरा फुलवून मिरवणाऱ्या कोंबड्यावरून, आणि वापरात उरला तो नखरेल बाईसाठी. ‘फिलँडर’, म्हणजे बायकांमागे लागणं, हे क्रियापद ज्या ग्रीक शब्दावरून आलं तो नवऱ्यावर प्रेम करणाऱ्या बाईचं विशेषण होता. आपल्याकडेही नखरेल म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. मैत्रीण दुष्ट नसेल, आपल्याला असं होणार नाही अशी स्वतःची समजूत घालत असेल. पण तू ते वाक्य मनावर घेऊ नकोस. तू खूण वाचलीस ती बरोबर वाचलीस. खूणच खोटी होती.

मेसेजचं. ‘नाराज आहेस का?’ असं तो विचारत असणार, कारण असे लोक तेच विचारतात. लांबलचक उत्तर लिहायचा मोह होईल. चार परिच्छेद, त्यात त्याचे जुने मेसेज तारखांसह. लिही हवं तर, पण नोट्समध्ये, पाठवू नकोस. त्या उत्तराने त्याला हवं तेच मिळेल, कुणीतरी अजून आपल्यासाठी झुरतंय याचा पुरावा. एवढंच पाठव: ‘तुझं लग्न ठरलं होतं हे मला माहीत असतं तर मी अशी बोलले नसते. यापुढे कामापुरतंच बोलू.’ आणि खरंच कामापुरतंच बोल. ग्रुपवर टोमणे नकोत, त्याच्या साखरपुड्याच्या पेढ्याला नाही म्हणणं नको. पेढा घे, अभिनंदन म्हण, जागेवर जा.

हे सांगूनही मेसेज थांबले नाहीत, किंवा ऑफिसात तो काही बोलत राहिला, तर मग तो शब्दांच्या व्युत्पत्तीचा विषय उरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. आत्तापर्यंत जे झालं ते माझ्या मते त्यात बसत नाही, तूही हसून बोलत होतीस, त्याने जबरदस्ती केलेली नाही. पण तू नको म्हटल्यानंतरचा प्रत्येक मेसेज वेगळा मोजला जाईल. म्हणून ते दोन ओळींचं उत्तर लेखीच दे, जिन्यात गाठून नको. जुनं संभाषणही रागाच्या भरात डिलीट करू नकोस.

राहिली नाशिकची मुलगी. मी दोनदा विचार बदलला या प्रश्नावर. तिला कळायला हवं असं पहिल्यांदा वाटलं, कारण शठाने खरं म्हणजे दोघींना फसवलंय. पण तुझ्या हातात आहे काय? शेर, तब्येतीची चौकशी, साडीची तारीफ. ते स्क्रीनशॉट तिच्यापर्यंत गेले की तो तिलाही तेच सांगेल, मी फक्त थट्टा करत होतो, ती मुलगीच मागे लागली. लग्नघरात अशा वेळी कुणावर विश्वास ठेवतात ते तुला माहीत आहे. आपण होऊन जाऊ नकोस. मात्र उद्या तिनेच शोधत येऊन विचारलं, तर तिला खोटं सांगू नकोस, आणि त्याला वाचवायचा प्रयत्न तर अजिबात करू नकोस. जे घडलं ते तारखांनिशी सांग, विशेषणं न लावता. दिवाळीनंतरच्या तारखा तिच्या तिलाच दिसतील.

– तुझी ताई